पायी वारीत मधला एक दिवस थांबायचं ते कशासाठी? (नागपूरहून शेगावला निघणाऱ्यांसाठी)

"पाय दुखून नाही राह्यले, दमही लागून नाही राह्यला, मस्त चालणं सुरू आहे, मग एक दिवस बसून कायले घालवायचा?" नागपूरहून शेगावला पायी निघालेल्या ग्रुपमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी हा प्रश्न निघतोच, आणि विचारणारा बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात तगडा गडी असतो, त्यामुळे बाकीचे गप्प बसतात आणि थांबायचा दिवस रद्द होतो. मी दिंडीसोबत मलमपट्टीची पेटी घेऊन चालते, म्हणून रद्द झालेला तो दिवस पुढं कोणाच्या पायाला भोवतो ते मला जवळून दिसतं, आणि खरं सांगते, फार वाईट वाटतं, कारण वर्षभर वाट पाहून निघालेला माणूस मूर्तिजापूरला एसटीत बसून परत येतो.

तर विषय असा आहे की शरीराचे सगळे भाग एकाच वेगानं सावरत नाहीत. दम सगळ्यात आधी सावरतो, त्यानंतर स्नायू, मग कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा तो चिवट पट्टा, डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात, आणि सगळ्यात शेवटी हाड. पाचव्या दिवशी "मस्त वाटून राह्यलं" असं जे वाटतं ते दम आणि स्नायू सांगत असतात. कंडरा आणि हाडं तोवर काही बोलतच नाहीत आणि बोलतात तेव्हा चालणं बंद पडलेलं असतं.

आता जरा आकडे बघू. दिवसाला २५ किलोमीटर चाललात तर साधारण ३५ हजार पावलं होतात. म्हणजे एका पायावर सतरा-अठरा हजार वेळा अख्ख्या शरीराचा भार, आणि चालताना पाय टेकतो तेव्हा जमिनीचा धक्का वजनापेक्षा थोडा जास्तच असतो. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला रोज सकाळी चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला वाटतं की मला तर सवय आहे, सवय असतेच, पण पाच किलोमीटरची. एकदम पाचपट भार, तोही डांबरी रस्त्यावर, तोही रोज, हे शरीराला नवीन आहे.

स्नायूंचं आधी सांगते कारण ते सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या दोन दिवसांत पोटऱ्या, मांड्या दुखतात, उतारावर तर जास्तच, कारण उतरताना स्नायू ताणलेला असतानाच त्याला भार धरून ठेवावा लागतो आणि त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. ही दुखणी २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते आणि मग कमी होत जाते. म्हणूनच चौथ्या दिवशी अचानक हलकं वाटतं! लोकांना वाटतं की पाय तयार झाले. पाय तयार झालेले नसतात, फक्त स्नायूंचा पहिला झटका ओसरलेला असतो.

त्यासोबत इंधनाचा भाग येतो. आपण भात-पोळी-भाकरी खातो त्यातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात सगळी मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. रोज चालून ती थोडी रिकामी होते आणि रात्रीच्या जेवणातून थोडी भरते, पण दिंडीत रात्रीचं जेवण कधी उशिरा, कधी कमी, कधी थकून नुसतं ताक पिऊन झोपलेले, त्यामुळे रोज थोडी थोडी तूट राहत जाते. चार-पाच दिवसांची ही तूट साठली की पाय जड होतात, चिडचिड होते, छोट्या छोट्या गोष्टींवरून भांडणं लागतात. एक दिवस नीट खाल्लं आणि चाललं नाही तर ही टाकी २४ तासांत बऱ्यापैकी भरते. नीट खाल्लं तर, बरं का, त्यावर पुढं येतेच.

आता कंडरा. इथंच खरी गोम आहे. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिचं सगळं काम हळू चालतं. मोठं चालणं झालं की तिच्यातले जुने धागे तुटायचं आणि नवे बनायचं काम एकदमच सुरू होतं, पण पहिले २४ ते ३६ तास तुटणं जास्त असतं आणि बनणं कमी. बनणं पुढं सरतं ते त्यानंतर. आता विचार करा, रोज सकाळी पाच वाजता पुन्हा चालायला लागलात तर ते छत्तीस तास कधी पूर्ण होतच नाहीत. रोज तुटण्याच्या टप्प्यावरच नवा भार पडतो. एक-दोन दिवस चालून जातं, आठ-दहा दिवस सलग झाले की मग कुठंतरी सूज धरते.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, साठीच्या, पण काटक, चालण्यात तरुण पोरींना मागं टाकतील. अमरावतीला थांबायचं ठरलं होतं ते ग्रुपनं रद्द केलं, त्याही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "पायात काहीतरी वाजून राह्यलं गं." मी त्यांच्या घोट्याच्या वर, नडगीच्या पुढच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि पाऊल वर-खाली करायला सांगितलं, तर बोटांखाली करकर करकर जाणवत होतं, कोरड्या केसांवर बोटं घासावीत तसं. बाहेरून फक्त थोडीशी लाली, सूज म्हणावी तर इतकुशी. ही कंडरेच्या भोवतालच्या आवरणाला सूज आल्याची खूण. हे झालं की मग एक दिवसाच्या आरामानं भागत नाही, मावशींना तिथूनच परत यावं लागलं आणि महिनाभर जिना चढताना पाय दुखायचा. अमरावतीला थांबलो असतो तर हे नक्की टळलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्या कंडरेला सावरायला जो वेळ हवा होता तो आम्ही दिला नाही हे तर खरंच ना.

हाडाचं काम तर याहून हळू. हाड म्हणजे दगड नाही, ते सतत स्वतःला खोदून पुन्हा भरत असतं. नवा भार आला की आधी जुना भाग खोदला जातो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मग नवं हाड भरायला साधारण तीन महिने. म्हणजे मधे एक काळ असा येतो की हाड मजबूत व्हायच्या मार्गावर असतं पण त्या क्षणी आधीपेक्षा कमजोर असतं. आपल्या नागपूरचे सिमेंट रस्ते बघा ना, ओतल्यावर दोन दिवसांत वरून कडक दिसतात, पण बॅरिकेड काही लगेच काढत नाहीत, पाणी मारत राहतात, कारण काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. दिसायला तयार आणि भार घ्यायला तयार यात फरक असतो.

हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते सैनिकांमुळे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं लिहून ठेवलं की लांब कूच केल्यावर जवानांची पावलं सुजतात आणि दुखतात, काही मार लागलेला नसतानाही. कारण तेव्हा कळलं नाही. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि मग दिसलं की पावलातल्या, बोटांच्या मागच्या लांब हाडांना बारीक तडा गेलेला असतो. त्याला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. पडायचं नाही, ठेच लागायची नाही, नुसतं चालून हाड तडकतं. आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ते बरेचदा दिसतही नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, चला" असं करू नका, दुखणं एकाच जागी टोचत असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

कातडीचं थोडक्यात सांगते. फोड हा नुसत्या घासण्यानं येत नाही, आतलं हाड पुढं सरकतं आणि मोज्याला चिकटलेली कातडी मागं राहते, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. ओली कातडी जास्त चिकटते, म्हणून घामाचे मोजे बदलायचे. एक दिवस पाय कोरडे, उघडे आणि बिनभाराचे राहिले तर फोडाखाली नवी कातडी धरायला लागते. बस इतकंच.

मग थांबायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे, दुखायला लागल्यावर नाही, आधी ठरवून. पहिला थांबा पाचव्या ते सातव्या दिवशी आणि नंतर दर सहा-सात दिवसांनी एक. चाळिशीच्या पुढचे, वजन जास्त असलेले, पहिल्यांदाच निघालेले, यांनी पाचवाच धरावा. हा काही कुठं कोरलेला नियम नाही, पण जे लोक खरंच लांब चालले त्यांनी काय केलं ते बघा. १९३० ची दांडीयात्रा घ्या, १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले, साधारण ३८५ किलोमीटर, गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे. पण सोमवार त्यांचा मौनाचा दिवस, त्या दिवशी यात्रा चालत नसे. १७, २४ आणि ३१ मार्च, तीन सोमवार, तीन थांबे. अख्खा देश, अख्खं जग बघत होतं, इंग्रज सरकार कधी पकडेल सांगता येत नव्हतं, तरी आठवड्यातला तो एक दिवस त्यांनी सोडला नाही. मौन हे त्याचं कारण होतं हे मान्य, पण सोबतच्या सगळ्यांच्या पायांना तो दिवस मिळाला की नाही?

आपली आळंदीची पालखी बघा. पुण्यात दोन मुक्काम, मग पुण्याहून सासवडचा टप्पा, साधारण तीस किलोमीटर आणि मधे दिवेघाट, वाटेवरचा सगळ्यात कठीण दिवस, आणि त्यानंतर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. घाटाच्या आधी आराम आणि घाटानंतर आराम! शेकडो वर्षं लाखो लोक चालत आलेत त्या वाटेवरची ही रचना आहे, मला तर दरवेळी तिचं कौतुक वाटतं. आणि नर्मदा परिक्रमा, जुन्या पद्धतीनं ती तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, त्यात चातुर्मासात परिक्रमावासी चालतच नाहीत, एका ठिकाणी मुक्काम करतात. तेव्हा थांबल्यानं यात्रा खंडित होते, पुण्य कमी होतं असं जे काही जण म्हणतात ना, त्यांना हे नक्की सांगा.

आता थांबलात तर त्या दिवशी करायचं काय, कारण इथं बरीच गडबड होते. अमरावतीला थांबले आणि सकाळी अंबादेवी-एकवीरा, दुपारी नातेवाइकांकडे, संध्याकाळी मार्केट, करता करता दहा-बारा किलोमीटर झाले, तेही चपलेवर. हा आराम नाही झाला. दर्शन घ्या, रिक्षा करा, परत या. दुसरं टोक म्हणजे दिवसभर सतरंजीवर आडवं पडून राहायचं, तेही नको, त्यानं पाय आखडतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं सावकाश, सपाटीवर फिरा, म्हणजे पोटऱ्यांतून रक्त फिरत राहतं. बाकी वेळ पाय उशीवर, हृदयापेक्षा थोडे वर. दुपारी झोप येत असेल तर बिनधास्त झोपा, दुरुस्तीचं बरंच काम गाढ झोपेतच चालतं आणि दिंडीत पहाटे साडेतीनला उठून उठून झोपेची उधारी झालेली असते.

फोड छोटा असेल तर फोडू नका, वरून टेप लावा. मोठा, तट्ट फुगलेला आणि चालूच न देणारा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला छोटं छिद्र करून पाणी काढायचं, वरची कातडी ओरबाडायची नाही, औषध लावून झाकायचं. सुई-दोरा ओवून दोरा फोडात तसाच ठेवायची जी पद्धत आहे ती कृपा करून सोडा, त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. आणि शुगर असलेल्यांनी फोडाला स्वतः हातच लावायचा नाही, त्यांना पायाची संवेदना कमी असू शकते, मग जखम कळतही नाही, थांब्याच्या दिवशी तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यायचे आणि काही दिसलं की दवाखाना गाठायचा.

आता खाण्याचं. आपल्याकडे हटकून होतं असं की आज चालायचं नाही तर खायचं कशाला, म्हणून त्याच दिवशी उपास धरतात, किंवा एकादशी बघूनच थांब्याचा दिवस ठरवतात. भावना मी समजते, मीही एकादशी करते, पण वर सांगितलेली ती रिकामी टाकी याच दिवशी भरायची असते हो, आणि आपण नेमकं त्याच दिवशी नळ बंद करतो. जमलं तर उपासाचा दिवस वेगळा ठेवा. नाहीच जमलं तर उपाशी न राहता उपासाचंच पोटभर खा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळी, केळी, साबुदाणा, यात स्टार्च भरपूर आहे, सोबत दूध-दही-दाणे घ्या म्हणजे प्रथिनंही मिळतात. उपास नसेल तर वरण-भात, गोळाभात, झुणका-भाकर, जे आवडतं ते, दोन वेळा नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं. झणझणीत तर्री मात्र त्या दिवशी राहू द्या, पोट बिघडलं तर सगळंच गेलं. पाणी दिवसभर पीत राहा, लघवी गडद पिवळी होत असेल तर अजून कमी पडतंय असं समजा.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगते, दुखण्याच्या गोळ्या घेऊन थांबा टाळू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या खिशात ठेवून सकाळ-संध्याकाळ खाणारे खूप बघितलेत. गोळीनं दुखणं झाकलं जातं, कंडरा काही बरी होत नाही, उलट दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावर अजून चालतो. त्यात घाम जाऊन शरीरात पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर ताण आणतात. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नये.

साधं दुखणं आणि धोक्याचं दुखणं ओळखायचं कसं, हे थांब्याच्या दिवशी शांतपणे तपासता येतं, चालताना नाही. दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, थोडं चाललं की मोकळं होणारं दुखणं बहुतेक स्नायूंचं, त्याला घाबरायचं नाही. एकाच पायात, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी, आणि चालावं तसं वाढणारं दुखणं असेल तर पुढचा टप्पा गाडीनं करा आणि दाखवून घ्या. रात्री झोपेतही ठणकत असेल तर नक्कीच. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली तर तिला चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते. आणि सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा, निघायच्या आधी घरी मोजलेल्या आकड्यापेक्षा आठ-दहानं जास्त येत असेल तर शरीर अजून सावरलेलं नाही, अजून अर्धा दिवस द्या.

लोकांना भीती असते की एक दिवस बसलो तर सवय मोडेल. एका दिवसानं काही जात नाही, ताकद आणि दम कमी व्हायला दीड-दोन आठवडे काहीच न करता बसावं लागतं. थांब्यानंतरच्या सकाळी पाय आखडलेले वाटतात ते मात्र खरं, पहिला तासभर तर असं वाटतं की उगाच थांबलो. तो तास सावकाश चाला, अंग गरम झालं की जातं ते. त्या दिवशी टप्पाही छोटा ठेवा, पंधरा-अठरा किलोमीटरचा.

ग्रुपप्रमुखांना हात जोडून सांगणं, थांब्याचा दिवस निघायच्या आधीच कागदावर लिहा आणि कोणी म्हटलं तरी बदलू नका. मतदान घेतलं तर ज्याचा पाय दुखतो तो कधीच हात वर करत नाही, विशेषतः बायका, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून सहन करत राहतात. दिवस आधीच ठरलेला असेल तर कोणालाच काही मागावं लागत नाही.

नागपूर ते शेगाव साधारण ३०० किलोमीटर धरा, मग आखणी अशी होऊ शकते. पहिले तीन दिवस मुद्दाम कमी, पहिल्या दिवशी गोंडखैरीच्या आसपास थांबायचं, कोंढाळी तिसऱ्या दिवशी गाठायची. मग कारंजा घाडगे, तळेगाव आणि सहाव्या दिवशी मोझरी. सातवा दिवस तिथंच, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात, वातावरण शांत आहे आणि मार्केटमध्ये भटकायचा मोहही होत नाही, म्हणून मला अमरावतीपेक्षा मोझरी जास्त पटते. दुसरा थांबा अकोल्याला, म्हणजे शेवटचे दोन टप्पे ताज्या पायांनी होतात. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला किंवा रामनवमीला पोचायचं असेल तर तारीख उलटी मोजत या आणि त्यात हे दोन दिवस आधीच धरा, रामनवमीच्या वेळी तर आपल्याकडे ऊन चढलेलं असतं त्यामुळे एक जास्तीचा दिवस हाताशी ठेवा. सुट्टी तेवढी मिळत नसेल तर थांबा कापू नका, सुरुवातीचा वाडी ते कोंढाळीचा पट्टा गाडीनं करा आणि पुढं चाला.